ओटीपोटातला गोळा आणि प्रश्नांचा क्रम

कामोठ्यात राहणाऱ्याला पोटाची तपासणी करून घ्यायला फार लांब जावे लागत नाही. गावातच एमजीएम वैद्यकीय महाविद्यालयाचे रुग्णालय आहे, शेजारच्या खारघरला टाटा स्मारक केंद्राचे ‘ॲक्ट्रेक’ हे कर्करोग केंद्र आहे, आणि रक्तलघवीची लॅब किंवा सोनोग्राफीचे सेंटर रिक्षाच्या अंतरावर सापडते. त्यामुळे ‘ओटीपोटात काहीतरी घट्ट लागतंय’ अशी तक्रार घेऊन गेलेल्या माणसाच्या हातात पहिली गोष्ट पडते ती बहुधा सोनोग्राफीची चिठ्ठी. चिठ्ठी देण्यात चूक काहीच नाही. पण तिची जागा तिसरी आहे, पहिली नाही. तिच्याआधी दोन प्रश्न येतात: गोळा नेमका कुठे आहे, आणि तो किती दिवसांचा आहे. त्यानंतर दोन अगदी स्वस्त गोष्टी येतात: रुग्णाला लघवी करून यायला सांगणे आणि पाळीच्या वयातल्या बाईची गर्भधारणेची चाचणी करणे. हा क्रम पाळला तर ओटीपोटातल्या बहुतेक गोळ्यांचा उलगडा दोन-तीन तपासण्यांत होतो. क्रम उलटा झाला तर महागडी तपासणीही चुकीच्या प्रश्नाचे अचूक उत्तर देऊन मोकळी होते. या प्रकरणात मांडायचे आहे ते एवढेच, पण त्याला पुरावा द्यावा लागेल, कारण यंत्रांच्या काळात ते अनेकांना जुनाट वाटते.

जागेचे महत्त्व आधी पाहू. कमरेच्या दोन्ही हाडांची पुढची टोके जोडणारी रेघ मनाशी ओढली तर तिच्याखालचा भाग म्हणजे स्थूलमानाने ओटीपोट. उजवीकडे, जांघेच्या वर, लहान आतडे संपून मोठे आतडे सुरू होते आणि तिथेच अपेंडिक्स लोंबते. डावीकडे मोठ्या आतड्याचा नागमोडी शेवट असतो. मधे मूत्राशय, बाईच्या पोटात त्याच्यामागे गर्भाशय, आणि त्याच्या दोन्ही बाजूंना अंडाशय. या सगळ्यांच्या मागे मणक्याकडून मांडीकडे जाणारे स्नायू, पायांकडे जाणाऱ्या मोठ्या रक्तवाहिन्या आणि लसिकाग्रंथी. सर्वांत पुढे पोटाची भिंत. एवढे अवयव ठरावीक जागी असल्यामुळे जागा कळली की यादी छोटी होते. अडचण करतात ते भटके अवयव: गर्भावस्थेत वर चढायची राहून गेलेली किडनी, अंडकोषात उतरायचे राहून गेलेले वृषण, किंवा वाढत वाढत थेट उजव्या जांघेपर्यंत पोचलेली प्लीहा. पोटात गोळा असलेल्या पुरुषाची अंडकोषाची पिशवी एका बाजूने रिकामी आहे का, हे पाहायला एक क्षण पुरतो. तो क्षण दिला नाही तर स्कॅनच्या अहवालात ‘ओटीपोटातील मोठी गाठ’ एवढेच शब्द येतात आणि न उतरलेल्या वृषणाचा, बहुतांशी बरा होणारा कर्करोग बराच काळ भलत्याच नावाने वावरतो. ओटीपोटातच राहिलेली किडनी गाठ समजून काढायला घेतल्याचे प्रसंगही वैद्यकीय साहित्यात नोंदलेले आहेत. अशा रुग्णाला दुसरी किडनी आहे की नाही, हा प्रश्न तेव्हा जीवनमरणाचा होतो.

गोळा हा आजारच असतो असेही नाही, म्हणून त्या दोन स्वस्त गोष्टी. प्रोस्टेट वाढलेल्या वयस्क पुरुषाचे मूत्राशय हळूहळू, महिनोन्महिने तुंबत जाते. एकदम तुंबले तर तो कळवळून दवाखाना गाठतो, पण सावकाश तुंबले तर दुखतही नाही. लिटरभर किंवा त्याहून जास्त लघवी साठलेले मूत्राशय बेंबीपर्यंत येते आणि हाताला गाठीसारखे लागते. ‘लघवी होते का?’ असे विचारले तर तो ‘होते की, सारखीच होते’ म्हणतो, आणि ते खरेही असते. भरून वाहणाऱ्या मूत्राशयातून थेंब थेंब गळतच असते. बोटांनी ठोकून पाहिले तर आवाज भरीव येतो, दाबले तर लघवीची भावना होते, आणि कॅथेटर घातला की ‘गाठ’ पिशवीत जमा होते. या मधल्या काळात मागे साठलेल्या दाबाने किडन्या बिघडत असतात, म्हणून हे उशिरा ओळखणे निरुपद्रवी नाही. यात एक गंमतशीर पेचही आहे. हाताने तपासताना मूत्राशय रिकामे हवे, आणि पोटावरून करायच्या ओटीपोटाच्या सोनोग्राफीला ते भरलेले हवे. त्यामुळे बाटलीभर पाणी पिऊन ताटकळलेल्या बाईचे पोट त्याच अवस्थेत हाताने तपासले तर गाठीचा भास होणारच. उलट बाजूही खरी: अंडाशयाची मोठी, पाण्याने भरलेली गाठ पडद्यावर भरलेल्या मूत्राशयासारखी दिसते आणि घाईत तशी वाचलीही जाते. लघवी करून आल्यावर पुन्हा एकदा पाहणे हाच त्यावर उपाय. मोठ्या आतड्यात साचून कडक झालेला मलही डावीकडे गाठ म्हणून भेटतो, पण त्यात बोट दाबले तर मळलेल्या कणकेसारखा खळगा उरतो. एनिमानंतर तो नाहीसा होतो.

गर्भारपणाचे तर आपल्या परंपरेने केव्हाच ओळखले होते. चरकसंहितेत गुल्माचे पाच प्रकार सांगितले आहेत आणि त्यांतला रक्तगुल्म फक्त स्त्रियांना होतो असे म्हटले आहे. पाळी थांबते, पोट वाढते, गर्भासारखी लक्षणे दिसतात. फरक असा दिला आहे की गर्भ अवयवांनी हालतो, गुल्म मात्र एकसंध पिंडासारखा हालतो. आणि उपचाराचा नियम विलक्षण आहे: दहावा महिना उलटेपर्यंत थांबा, मगच औषध करा. रक्तगुल्म म्हणजे आजच्या भाषेत नेमका कोणता आजार, यावर वाद घालता येईल. त्यामागचा तर्क मात्र निःसंशय आहे. गर्भ आणि गाठ वेगळी करण्याचे साधन हाती नसेल तर काळालाच चाचणी बनवायचे, म्हणजे चुकून गर्भाला इजा होणार नाही. आज तो निर्णय लघवीच्या पट्टीवर पाच मिनिटांत होतो. म्हणूनच ती पट्टी न वापरता केलेला एक्स-रे किंवा सिटी स्कॅन समर्थनीय ठरत नाही. तीन महिन्यांनंतर गर्भाशय ओटीपोटाच्या हाडाच्या वर हाताला लागू लागते आणि पाचव्या महिन्याच्या सुमारास बेंबीपर्यंत येते. पट्टी होकारार्थी आली आणि सोनोग्राफीत गर्भाशय रिकामे दिसले, तर गर्भ नळीत रुजला असण्याची शक्यता समोर येते. पाळी चुकलेली, पोटात कळ, आणि चक्कर, असे तिन्ही असेल तर रात्र काढायची नसते. याच्या उलट टोकाला तेरा ते सोळा वर्षांची, अजून पाळी न आलेली मुलगी असते. दर महिन्याला ओटीपोटात दुखते, गोळा लागतो, कधी लघवी अडते. पाळी आतून सुरू झालेली असते, पण योनीच्या तोंडाशी असलेल्या बंद पडद्यामागे रक्त साठत जाते. एका लहानशा छेदाने हा आजार संपतो. ‘पाळी आली का’ आणि ‘दर महिन्याला दुखते का’ हे दोन प्रश्न विचारले नाहीत तर याच मुलीची फाइल ओटीपोटातील संशयित गाठ म्हणून तयार होते.

मग प्रश्न येतो तो गोळा पोटाच्या आत आहे की भिंतीत. याची चाचणी शंभर वर्षे जुनी आहे आणि तिला यंत्र लागत नाही. रुग्णाला उताणे झोपवून हातांचा आधार न घेता डोके उचलायला सांगायचे. पोटाचे स्नायू ताठ झाले की आतला गोळा त्यांच्यामागे दडतो, भिंतीतला मात्र तसाच हाताला लागत राहतो. मँचेस्टरच्या फदरगिल यांनी १९२६ मध्ये लिहिले ते नेमके याच फसगतीबद्दल: पोटाच्या सरळ स्नायूच्या आवरणात साठलेले रक्त ओटीपोटातली नवी गाठ वाटते. आज रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या घेणारी वयस्क माणसे पुष्कळ आहेत. अशा माणसाला खोकल्याची मोठी उबळ येते, आणि दुसऱ्या दिवशी खाली एका बाजूला दुखरा गोळा असतो. तो मध्यरेषा ओलांडत नाही. सिझेरियनच्या वणापाशी असलेली आणि दर पाळीला दुखणारी गाठ ही गर्भाशयाच्या अस्तराच्या पेशी वणात रुजल्याची खूण असते. बाकी खोकल्यावर फुगणारा आणि झोपल्यावर आत जाणारा हर्निया लोकांना स्वतःलाच ओळखता येतो.

या सगळ्या विचाराची खरी कसोटी लागते ती उजव्या बाजूला. भारतातल्या शल्यचिकित्सकांच्या अभ्यासांतून तिथल्या गाठींचे तीन मुख्य दावेदार पुन्हा पुन्हा समोर येतात: अपेंडिक्सभोवती जमलेला गोळा, आतड्याचा क्षयरोग आणि मोठ्या आतड्याच्या सुरुवातीचा कर्करोग. तिघांची जागा एक, आकार जवळपास सारखा, आणि सिटी स्कॅनमध्ये तिन्हींत आतड्याची जाड झालेली भिंत दिसू शकते. फरक काळात असतो. अपेंडिक्सचा गोळा दिवसांचा असतो: बेंबीपाशी दुखायला लागले, उलटी झाली, दुखणे उजवीकडे सरकले, ताप आला, आणि तिसऱ्या-चौथ्या दिवशी गोळा लागू लागला. सुजलेल्या अपेंडिक्सभोवती पोटातला चरबीचा पडदा आणि आतड्याची वेटोळी चिकटून तो बनलेला असतो. क्षयरोगाचा गोळा महिन्यांचा असतो. संध्याकाळची कसर, घटलेले वजन, मधूनच पोट फुगून गुरगुरणे आणि मग आपोआप मोकळे होणे. आकसलेले आतडे वर ओढले जात असल्याने तो कधी कधी नेहमीच्या जागेच्या थोडा वर लागतो. कर्करोगाचा काळ सांगताच येत नाही, कारण तिथून जाणारा मल पातळ असल्याने अडथळा उशिरा होतो. तोवर दिसतो तो फक्त पंडुरोग. पन्नाशीच्या पुढच्या माणसाचे हिमोग्लोबिन कारण नसताना घसरले आणि महिनोन्महिने लोहाच्या गोळ्या चालू राहिल्या, तर ती ओळख त्या गोळ्यांखाली दबून जाते.

हा फरक महत्त्वाचा का, तर तिघांचे उपचार एकमेकांच्या विरुद्ध दिशेचे आहेत. अपेंडिक्सचा गोळा तयार झाला की तो लगेच उघडायचा नाही, ही ऑक्सनर आणि शेरन यांच्या नावाने शिकवली जाणारी रीत आहे. शिरेतून प्रतिजैविके, नाडी-तापाचा तक्ता, गोळ्याची कड पेनने कातडीवर आखून ती रोज आत सरकते का हे पाहणे. पू झाला तर सोनोग्राफीखाली नळी घालून काढणे. अपेंडिक्स काढायचेच असेल तर साधारण सहा आठवड्यांनी. दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेत तरबेज असलेले काही सर्जन आज लगेच हात घालतात आणि त्यांच्या बाजूनेही पुरावा आहे, पण तो वाद निदान ठरल्यानंतरचा. क्षयरोगाला साधारण सहा महिन्यांच्या गोळ्या लागतात, त्या सरकारी कार्यक्रमात मोफत मिळतात, आणि आतडे अडलेले नसेल तर सुरी लागत नाही. कर्करोगाला सुरी लागते, आणि तीही योग्य मापाची: आतड्याचा उजवा भाग त्याच्या लसिकाग्रंथींसह. म्हणजे एकाच चित्राला थांबा, गोळ्या द्या आणि कापा अशी तीन उत्तरे आहेत. चित्र त्यांतले एक निवडत नाही. निवड करतो तो इतिहास, आणि शिक्कामोर्तब करतो कोलोनोस्कोपीतून काढलेला तुकडा. तुकडाही कधी मुका राहतो. आतड्याच्या क्षयरोगात जंतू थोडे असल्याने सीबीनॅट ही क्षयजंतूंची चाचणी नकारार्थी आली म्हणून क्षय नाही असे म्हणता येत नाही, आणि क्रोन्स नावाचा आतड्याचा दाहरोग, जो आता भारतात अधिकाधिक ओळखला जाऊ लागला आहे, सूक्ष्मदर्शकाखालीही क्षयासारखा दिसू शकतो. अशा वेळी क्षयाची औषधे सुरू करून दोन महिन्यांनी पुन्हा कोलोनोस्कोपीने जखमा भरल्या का हे पाहतात. चरकाने वापरलेली काळाची चाचणी इथे आधुनिक रूपात परत येते. आणखी एक खबरदारी: चाळिशीपुढच्या माणसाचा अपेंडिक्सचा गोळा औषधांनी विरला तरी नंतर कोलोनोस्कोपी करायचीच, कारण अपेंडिक्सचे तोंड अडवणारा कर्करोग त्यामागे लपलेला असू शकतो.

मध्यभागातून वर येणाऱ्या, खालची कड हाताला न सापडणाऱ्या गोळ्याचा प्रश्न मुख्यतः बायकांचा आहे. इथे काळ म्हणजे दिवस-महिने तर आहेतच, पण त्याहून जास्त आयुष्याचा टप्पा आहे. पाळी येण्याआधीच्या मुलीत किंवा विशीच्या आतल्या तरुणीत अंडाशयाची घट्ट गाठ असेल तर जननपेशींच्या गाठीचा विचार होतो आणि रक्तात एएफपी, बीटा-एचसीजी, एलडीएच पाहतात. पाळीच्या वयात बहुतेक गोळे सौम्य असतात: फायब्रॉइड, डर्मॉइड, एंडोमेट्रिओसिसची गाठ, किंवा बीज सुटताना बनलेली आणि दोन-तीन पाळ्यांत आपोआप जिरणारी पाण्याची पिशवी. पाळी गेल्यानंतर गणित उलटते. फायब्रॉइड स्त्री-संप्रेरकावर पोसले जातात, म्हणून पाळी गेल्यावर ते आक्रसायला हवेत. साठीच्या बाईचा वाढत जाणारा गोळा ‘जुनं फायब्रॉइड असेल’ म्हणून सोडून देणे मला या सगळ्या विषयातली सर्वांत घातक सवय वाटते. तिच्या जोडीला असते ती पोट फुगल्याला ‘गॅस’ म्हणण्याची सवय. अंडाशयाच्या कर्करोगाची सुरुवात पुष्कळदा पोट जड वाटणे, थोडे खाल्ले की भरणे आणि सारखी लघवी लागणे यांतच होते, आणि हे तिन्ही त्रास घरातल्या औषधांच्या डब्यात सहज विरघळतात.

जागा, काळ आणि टप्पा यांच्याशिवाय आकड्याला अर्थ नसतो याचे चोख उदाहरण म्हणजे सीए-१२५. रॉबर्ट बास्ट आणि सहकाऱ्यांनी १९८१ मध्ये शोधलेल्या प्रतिपिंडावर आधारलेली ही रक्तचाचणी. तिची नेहमीची मर्यादा ३५ धरतात. पण पाळीच्या दिवसांत, गर्भारपणात, फायब्रॉइडमध्ये, एंडोमेट्रिओसिसमध्येही तो आकडा वाढतो. पोटाच्या क्षयरोगात तर शेकड्यांत जातो, आणि सोबत पोटात पाणी आणि गाठीही असतात. भारतात तरुण बाईच्या पोटात पाणी, गोळा आणि वाढलेला सीए-१२५ असे त्रिकूट दिसले तर कर्करोगाची शस्त्रक्रिया ठरवण्याआधी क्षयाचा पुरावा शोधावा लागतो. तो न शोधता पोट उघडले आणि आत क्षयाचे दाणे सापडले, असे अहवाल भारतीय नियतकालिकांत पुष्कळ आहेत. १९९० मध्ये इयान जेकब्ज यांच्या गटाने यावर एक साधा गुणाकार सुचवला: सोनोग्राफीतील संशयाचे गुण, पाळी गेली आहे की नाही याचे गुण आणि सीए-१२५. पाळी चालू असेल तर एकने गुणायचे, गेली असेल तर तीनने. समजा आकडा ७० आला आणि सोनोग्राफीचा एक गुण मिळाला. तीस वर्षांच्या बाईला ७० होतात, साठ वर्षांच्या बाईला २१०. तज्ज्ञ कर्करोग केंद्राकडे पाठवण्याची प्रचलित मर्यादा २०० आहे. रक्ताचा तोच आकडा, पण एकीला धीर आणि दुसरीला तातडीचा संदर्भ. जो आकडा वय विचारल्याशिवाय वाचताच येत नाही, तो वय विचारण्याची जागा कशी घेणार? याच गाठींबाबत ‘सुई घालून थोडं पाणी काढून पाहू’ हा मोहही आवरावा लागतो. अंडाशयापुरता मर्यादित कर्करोग आवरण फुटून पोटात सांडला तर त्याची अवस्था बदलते. इतर अनेक अवयवांत सुई आधी आणि शस्त्रक्रिया नंतर असते. इथे संशयित गाठ अखंड बाहेर काढून मग तपासणे हा नियम आहे.

आता आक्षेपांकडे वळू. पहिला आक्षेप सरळ आहे: हात चुकतो. हे खरे आहे आणि त्याचा सर्वांत प्रसिद्ध पुरावा सोनोग्राफीच्या जन्मकथेतच आहे. ग्लासगोच्या इयान डोनाल्ड यांनी १९५५ मध्ये बॉयलर बनवणाऱ्या कारखान्यात जाऊन, धातूतल्या भेगा शोधणाऱ्या यंत्राखाली फायब्रॉइड आणि अंडाशयाच्या गाठी ठेवून पाहिल्या. पुढे पोटाच्या असाध्य कर्करोगाचे निदान झालेल्या एका बाईच्या पोटावर त्यांनी ते तंत्र वापरले, तेव्हा स्पष्ट कडा असलेली प्रचंड पाण्याची पिशवी दिसली. शस्त्रक्रियेत अंडाशयाची सौम्य गाठ निघाली आणि मरण ठरलेली बाई बरी झाली. १९५८ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आलेल्या त्यांच्या लेखाचा विषयच पोटातील गाठींची ध्वनिलहरींनी तपासणी हा होता. स्थूल माणसाच्या पोटात तर हात आणखी अपुरा पडतो. पण डोनाल्ड यांनी यंत्राला काय विचारले ते पाहावे: हे भरीव आहे की पाणी? प्रश्न नेमका होता म्हणून आजच्या मानाने अगदी ओबडधोबड यंत्रानेही उत्तर दिले. आणि हात बरोबर ठरल्याचेही उदाहरण तितकेच मोठे आहे. १८०९ च्या डिसेंबरात अमेरिकेतल्या केंटकी राज्यात, जुळी आहेत आणि दिवस उलटून गेले आहेत असे समजल्या गेलेल्या बाईला एफ्रेम मॅकडॉवेल यांनी आतून तपासले, गर्भाशय रिकामे आहे हे बोटांनी ओळखले आणि भूल नसलेल्या त्या काळात अंडाशयाची सुमारे दहा किलोंची गाठ काढली. ती बाई पुढे बत्तीस वर्षे जगली. हात की यंत्र असा हा झगडाच नाही. कोणत्या प्रश्नासाठी काय वापरायचे, एवढेच ठरवायचे आहे.

दुसरा आक्षेप कामोठ्यासारख्या ठिकाणी जास्त ऐकू येतो: सगळे जवळ आहे, पैसेही भरता येतात, मग सरळ सिटी स्कॅन करून मोकळे का होऊ नये? किरणोत्सर्ग आणि किडनीवरचा भार ही कारणे आहेतच. पण खरे कारण वेगळे आहे. न विचारलेल्या प्रश्नांचीही उत्तरे यंत्र देते आणि ती उत्तरे माणसाला घाबरवतात. पाळीच्या वयातल्या बाईच्या अंडाशयात तीन सेंटिमीटरची साधी पाण्याची पिशवी दिसली तर ती बहुतेक वेळा त्या महिन्याच्या बीजाची असते. अहवालात मात्र तिचे नाव ‘सिस्ट’ असे छापले जाते आणि घरी येईपर्यंत तिची ‘गाठ’ होते. गाठ म्हटले की कर्करोगाची भीती येते आणि भीती दाखवून गर्भपिशवी काढायला सांगता येते. बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड बायकांच्या गर्भाशय काढण्याच्या प्रमाणावर ओरड झाल्यानंतर २०१९ मध्ये राज्य सरकारने समिती नेमली. तिच्यासमोर आलेल्या सर्वेक्षणात ८२ हजारांहून अधिक बायकांपैकी १३ हजारांहून अधिक जणींचे गर्भाशय काढलेले आढळले. त्यामागे उसाच्या फडातले कष्ट, पाळीच्या दिवसांत बुडणारी मजुरी, मुकादमाची उचल अशी अनेक कारणे होती. पण अंगावरून पांढरे जाणे किंवा पोटदुखी एवढ्यासाठी आलेल्या बाईला कर्करोगाची भीती घातली गेली, ही तक्रार त्यांत ठळक होती. सोनोग्राफी नव्हती म्हणून हे झाले असे कोणी म्हणणार नाही. यंत्राच्या उत्तराला प्रश्नाची चौकट नव्हती.

तिसरा आक्षेप दुर्मीळ आजारांचा: असे नेहमीच्या वाटेने गेले तर विलक्षण काही निसटणार नाही का? नागपूरच्या एनकेपी साळवे वैद्यकीय संस्थेत २०१४ मध्ये आलेली साठ वर्षांची बाई हे याचे उत्तम उदाहरण. ओटीपोटात उजवीकडे गोळा होता, दुखत होते, आणि वय पाहता कर्करोगाची शंका येणे रास्त होते. सोनोग्राफीने गाठ दाखवली, सिटीने ती चुन्यासारखी कठीण असल्याचे दाखवले, एमआरआयमध्ये हाडांचा सांगाडा ओळखू आला. गर्भाशयाबाहेर वाढलेला आणि मेलेला गर्भ तब्बल छत्तीस वर्षे पोटात राहिला होता. हा यंत्रांचा विजय होताच. पण त्या सांगाड्याला अर्थ आला तो १९७८ मधल्या बिघडलेल्या बाळंतपणाच्या हकिकतीमुळे. तेव्हा शस्त्रक्रियेच्या भीतीने ती गावी निघून गेली होती. ‘गर्भ राहून पुढे काही झाले नाही, असे कधी घडले का?’ हा प्रसूतिशास्त्राच्या विद्यार्थ्यालाही शिकवलेला साधा प्रश्न आहे. दुर्मीळ आजारही नेहमीच्याच प्रश्नांच्या वाटेवर भेटतात.

उरला तो वेळेचा आक्षेप, आणि तो मला सर्वांत प्रामाणिक वाटतो. बाहेर रांग असताना बाह्यरुग्ण विभागातल्या डॉक्टराने हे सगळे कधी करायचे? कुठे, किती दिवस, पाळी कधी, लघवी-शौचाचे काय, वजन उतरले का: एवढे विचारायला दोन मिनिटे लागतात. जास्त वेळ लागतो तो गुदद्वारातून किंवा योनीतून बोटाने तपासायला, आणि टाळली जाते ती हीच तपासणी. संकोच दोन्ही बाजूंना असतो, स्त्री परिचारिका सोबत लागते, पडदा लागतो. अविवाहित मुलीला योनीतून तपासत नाहीत, तिथे पोटावरची सोनोग्राफी हाच सभ्य आणि पुरेसा मार्ग आहे. मात्र गर्भधारणेचा प्रश्न तिलाही विचारावा लागतो, आणि तो आईला किंवा काकूला बाहेर बसवून. नातेवाइकांनी त्यावर रागावू नये. तो प्रश्न चारित्र्याचा नसतो, नळीत फुटणाऱ्या गर्भाचा असतो.

वाचकाने यातले जे हातात आहे ते करावे. गोळा पहिल्यांदा कधी जाणवला, तो रोज सारखाच असतो की पाळीबरोबर, लघवीबरोबर किंवा शौचाबरोबर बदलतो, शेवटची पाळी कधी आली आणि वजन किती उतरले, हे एका कागदावर लिहून न्यावे. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील तर तसे सांगावे. गावाकडे, साताऱ्याला किंवा रत्नागिरीला, झालेल्या जुन्या ऑपरेशनची फाइल मागवून घ्यावी. एकाएकी असह्य कळ येऊन उलट्या, लघवी पूर्ण बंद, पाळी चुकून आलेली चक्कर, किंवा गोळ्यासोबत थंडी वाजून ताप असेल तर दुसऱ्या दिवशीच्या ओपीडीची वाट पाहू नये. आणि शस्त्रक्रिया झालीच, तर काढलेली गाठ किंवा गर्भाशय पॅथॉलॉजीला पाठवले का हे विचारा, त्याचा अहवाल हातात घ्या आणि जपून ठेवा. गोळ्याचे खरे नाव त्या एका कागदावर असते.